मूळपुरुषाचा शोध : ‘तोच हा’ हे कशावरून?



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा हा मास्तर वंशावळींच्या नादाला कधीपासून लागला? कारण सांगतो. याच मालिकेत आपण ‘ओळख’ या कल्पनेवर बोललो होतो. कालची वस्तू आणि आजची वस्तू एकच आहे, असं आपण कशाच्या आधारे म्हणतो, असा तो प्रश्न होता. त्यानंतर मॉरिशसमधल्या काही मराठी श्रोत्यांनी विचारलं, की आमचे मूळपुरुष मुंबईहून जहाजाने आले एवढं घरात सांगतात. दप्तरात त्या नावाची तीन-चार माणसं सापडतात. त्यातला आमचा कोणता, हे ठरवायचं कसं?

मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात आपण ज्याची चर्चा घटपटाच्या उदाहरणांवर करतो, तोच प्रश्न इथे खऱ्या माणसाच्या, खऱ्या कागदाच्या रूपात उभा आहे. आणि त्याच्या उत्तरावर आता काही अवलंबूनही आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला तिथे गेल्या होत्या, तेव्हा भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल अशी घोषणा झाली. म्हणजे मूळपुरुष ही आता केवळ घरातल्या तसबिरीपुरती गोष्ट राहिलेली नाही. कागद दाखवावा लागतो, आणि तो खरा आपल्याच माणसाचा असावा लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचलं. तिथून पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं करारावर त्या बेटावर उतरली. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि माणसं ‘गिरमिटिया’ झाली. जिथे ती उतरत तो धक्का आणि डेपो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

माणसं तीन बंदरांतून गेली : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, सर्वांत कमी मुंबईहून. मॉरिशसमधल्या मराठी समाजाची मुळं बहुतांशी या मुंबईच्या प्रवाहात, आणि त्यातही कोकणात आहेत. तिथला मराठी समाज आजही ‘झाकरी’ नाचतो. रत्नागिरीकडच्या माणसाला ते नाव ऐकताच आपली जाखडी आठवेल. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झाकरीवरून समाज कोकणातून आला हे कळतं. *तुमचा* पणजोबा कोकणातून आला हे त्यावरून सिद्ध होत नाही. समूहाबद्दलचा पुरावा एक आणि व्यक्तीबद्दलचा पुरावा दुसरा. दगड उलटला की खाली सोनं सापडतं असं सांगून आमच्या पूर्वजाला फसवून आणलं, ही कथाही मॉरिशसमधल्या असंख्य घरांत सांगतात. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण जी कथा प्रत्येक घरात आहे ती एका घराच्या माणसाला दुसऱ्यापासून वेगळं काढायला उपयोगी पडत नाही. आपल्याला हवी आहे ती वेगळं काढणारी खूण.

सोऽयं देवदत्तः

आपल्या परंपरेत ओळखीचं एक ठरलेलं उदाहरण आहे : ‘सोऽयं देवदत्तः’. तो देवदत्त हाच. कुठेतरी पूर्वी पाहिलेला देवदत्त आणि आज समोर उभा असलेला देवदत्त एकच, असं ज्ञान. याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. यात ‘तो’ आणि ‘हा’ असे दोन शब्द आहेत. ‘तो’ म्हणजे वेगळा काळ, वेगळी जागा. ‘हा’ म्हणजे इथला, आत्ताचा. हे वेगळेपण बाजूला सारून दोन्हींतलं एकत्व आपण पकडतो.

वंशावळ शोधणाऱ्याला नेमकं हेच करायचं असतं. फरक एवढाच, की त्याने ‘तो’ कधी पाहिलेला नाही आणि ‘हा’सुद्धा पाहिलेला नाही. त्याच्यासमोर दोन कागद आहेत. एक जहाजावरून उतरलेल्या माणसाची नोंद. दुसरा, वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यात आलेलं बापाचं नाव. हे दोन कागद एकाच माणसाबद्दल बोलतात का? सगळा शोध या एका प्रश्नाभोवती फिरतो. माणूस ‘सापडत नाही’ असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो सापडलेला असतो, एकदा सोडून चारदा. तो ओळखता येत नाही, ही खरी अडचण असते.

नावावर किती भरवसा ठेवायचा?

पहिली उडी सगळे नावावर मारतात. स्वाभाविक आहे. पण नाव हा या कामातला फार कच्चा धागा आहे. का, ते बघू.

मूळ नाव उच्चारलं गेलं मराठीत. ऐकलं आणि लिहिलं इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाच्या कारकुनाने, रोमन लिपीत. रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’ एकच, ‘द’ आणि ‘ड’ एकच, ‘ळ’ नाहीच. फ्रेंच सवयीच्या कानाला ‘ह’ नीट ऐकू येत नाही. त्या काळच्या लेखनपद्धतीत ‘अ’साठी कधी ‘ए’ कधी ‘यू’, आणि ‘ऊ’साठी कधी दोन ‘ओ’ तर कधी ‘ओ-यू’. त्यामुळे एकाच लक्ष्मणाचा लचमन होतो, लक्षुमन होतो, लक्सिमोन होतो. आपला माणूस निरक्षर असल्याने ‘हे चुकलं’ असं म्हणायला तो कागद वाचू शकत नव्हता.

दुसरी गोष्ट आडनावाची. मॉरिशसमध्ये पुष्कळ घराण्यांत आलेल्या माणसाचं पाळण्यातलं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणजे सखाराम आला, आणि त्याचे पणतू ‘सकाराम’ आडनावाचे झाले. तेव्हा रत्नागिरीत जाऊन ‘सकाराम’ आडनावाची भाऊकी शोधण्यात काहीच अर्थ नाही. सखारामाचं गावातलं आडनाव काय होतं, हे त्या नावातून कळतच नाही.

आणि समजा ‘कर’ लागलेलं आडनाव मिळालंच, तरी जपून. आपल्याकडे गावात राहणाऱ्याला त्या गावाचं नाव सहसा लागत नाही. गाव सोडून गेलेल्याला लागतं. देवरुखात सगळेच देवरुखचे, तिथे देवरुखकर म्हणून कुणाला ओळखणार? त्यामुळे असं आडनाव मागच्या कुठल्या तरी पिढीतल्या स्थलांतराकडे बोट दाखवतं. जहाजावर चढलेला माणूस त्याच गावातून निघाला असेल असं नाही.

न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. जी खूण हव्या त्या ठिकाणी आहे आणि नको त्या ठिकाणीही आहे, तिच्यावरून अनुमान करता येत नाही. सखाराम, तुकाराम, गणू, भिवा ही नावं कोकणात गावोगाव होती. नाव जुळलं म्हणजे चौकशीला सुरुवात झाली, एवढंच समजावं.

अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या वंशजांतही असा एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, की एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी आमच्या आजोबांचं आडनाव बदललं. एलिस बेट १८९२ मध्ये सुरू झालं. तिथले अधिकारी नव्याने नावं लिहून घेत नव्हते. जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरात केलेली यादी समोर ठेवून ते माणसं तपासत. नावं बदलली ती बहुधा पुढे, लोकांनी स्वतःच, शेजाऱ्यांना आणि मुकादमांना उच्चारता यावीत म्हणून. म्हणजे नाव कुठे आणि कुणाच्या हातून बदललं हेही गृहीत धरायचं नसतं. तेही शोधायचं असतं.

नावाची साखळी आणि क्रमांकाची साखळी

सॉल क्रिप्के या तत्त्वज्ञाने १९७० साली प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली, ती पुढे पुस्तकरूपाने फार गाजली. त्यांचं म्हणणं साधं करून सांगतो. एखादं नाव एखाद्या माणसाला लागू पडतं ते त्या माणसाच्या वर्णनामुळे नव्हे. कुणीतरी पहिल्यांदा नाव ठेवलं, त्याच्याकडून दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. अशी ती साखळी आपल्यापर्यंत येते. वर्णन चुकीचं असलं तरी साखळी शाबूत असेल तर नाव योग्य माणसाकडे पोचतं.

आपल्या कामाला ही कल्पना नेमकी लागू पडते. मॉरिशसच्या दप्तरात अशी एक साखळी नावापेक्षा भक्कम आहे, ती म्हणजे क्रमांक. डेपोत उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि तो त्याच्या नोंदीत आणि ओळखपत्रावर राही. पुढे लग्न, मुलाचा जन्म, मृत्यू यांच्या नोंदींतही बऱ्याचदा तोच क्रमांक लिहिलेला सापडतो. नावाची पाच रूपं झाली तरी क्रमांक तोच.

एका गोष्टीचा मात्र विसर पडू देऊ नका. हा क्रमांक माणसाच्या सोयीसाठी दिलेला नव्हता, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी होता. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगणं सक्तीचं केलं. ते जवळ नसलं की पकडून नेत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये अदॉल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या पुढाकाराने नऊ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज गेला आणि पुढे शाही आयोग बसला. आज वंशज ज्या छायाचित्रात पणजोबाचा चेहरा पाहतात, ते छायाचित्र त्या पणजोबाच्या मनाविरुद्ध काढलेलं असण्याचा संभव आहे. ज्या व्यवस्थेने त्याला जखडलं तिच्याच कागदांमुळे तो आपल्याला सापडतो. कागद वाचताना हे मनात असलेलं बरं, कारण तो कशासाठी लिहिला होता त्यावर त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे ठरतं.

मग शोध घ्यायचा कसा?

क्रम उलटा ठेवायचा. १८५० च्या जहाजापासून सुरुवात करून खाली यायचं नाही. स्वतःपासून सुरू करून एकेक पायरी मागे जायचं. आपला जन्मदाखला, त्यावरून आईवडिलांच्या लग्नाचा, त्यावरून आजोबांच्या जन्माचा. प्रत्येक पायरीवर दोन कागदांतला दुवा पक्का झाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

एक उदाहरण रचतो. ते काल्पनिक आहे, पण अशाच स्वरूपाची प्रकरणं असतात. समजा वाक्वा भागातलं एक कुटुंब आहे, आडनाव सकाराम. घरात सांगतात की मूळपुरुष सखाराम मुंबईहून आला. दप्तरात मुंबईहून आलेले तीन सखाराम दिसतात. एक अठरा वर्षांचा, एक पंचवीस, एक तीस. आता घाईचा माणूस काय करेल? ज्याच्यापुढे ‘रुतनाघेरी’ म्हणजे रत्नागिरी लिहिलंय तो उचलेल, कारण आपण कोकणातले असं घरात म्हणतात.

शहाणा माणूस आधी इकडच्या टोकाकडून येईल. आजोबांच्या वडिलांच्या जन्मनोंदीत बापाच्या नावापुढे क्रमांक आहे का? असेल, तर तिघांतला एक आपोआप ठरतो आणि बाकीचे दोन सुटतात. क्रमांक नसेल तर आईच्या नावापुढे आहे का? तोही नसेल तर ते कुठल्या मळ्यावर राहत होते? डेपोतल्या नोंदीत मजूर कुठल्या मळ्यावर पाठवला ते असतं. तिघांपैकी त्या मळ्यावर कोण गेला? लग्नाला साक्षीदार कोण होते, आणि ते कुठल्या जहाजाने आले होते?

हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. माणसं एकटी फारशी निघत नाहीत. एका गावातली, एका वाडीतली चार जणं बरोबर निघतात. जहाजावर जी सोबत जुळते तिला ‘जहाजी भाई’ म्हणत, आणि ते नातं सख्ख्या भावासारखं मानलं जाई. त्यामुळे आपल्या माणसाच्या नोंदीत गावाची जागा कोरी असेल, तर त्याच जहाजाच्या यादीत त्याच्या आगेमागे नोंदवलेल्यांची गावं बघायची. आपला माणूस मुका असला तरी शेजारचा बोलतो. एकट्या माणसाचा शोध अडला की त्याच्या सोबत्यांचा शोध घ्यायचा, हा या विद्येतला सगळ्यात उपयोगी नियम आहे.

एक उलट बाजूही बघा. काही माणसं करार संपल्यावर परत आली आणि काही वर्षांनी पुन्हा गेली. अशांना दुसऱ्या खेपेला नवा क्रमांक मिळाला. म्हणजे नाव एक आणि माणसं तीन असू शकतात, तसे क्रमांक दोन आणि माणूस एकही असू शकतो. क्रमांक भक्कम आहे. तो एकमेव आणि अंतिम आहे असं मात्र नाही.

नोंदींतल्या बाकीच्या गोष्टी तोलून घ्याव्यात. वय बहुधा अंदाजाने लिहिलेलं. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे जास्त दिसतात. दोन-चार वर्षांचा फरक म्हणजे वेगळा माणूस असं धरू नका. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असेल तर तो शब्द कारकुनाने मुंबईकडच्या कुणालाही सैलपणे लावला असण्याची शक्यता आहे. उंची आणि अंगावरची खूण मात्र मोलाची. कपाळावरचा व्रण नाव बदललं म्हणून बदलत नाही.

बायकांचा माग

मूळपुरुष म्हणताना आपण मूळस्त्री विसरतो. आणि गंमत अशी की पुष्कळदा धागा तुटतो तो तिच्यापाशी, आणि जुळतोही तिच्याचपाशी. केवळ धार्मिक विधीने झालेलं लग्न नागरी नोंदणी नसेल तर मॉरिशसच्या कायद्यात धरलं जात नसे. अशा जोडप्याचं मूल आईच्या नावाने नोंदलं जाई. म्हणजे घरात दोघं राजरोस नवरा-बायको म्हणून नांदताहेत, आणि कागदावर मुलाला बाप नाही. पाच पिढ्यांनंतरचा वंशज बापाच्या नावाने दप्तर पालथं घालतो आणि त्याला काही सापडत नाही. तिथे आईच्या नावाने, आईच्या क्रमांकाने बघा. या बायकांच्या जगण्याचा अभ्यास मरीना कार्टर या इतिहासकार बाईंनी याच कागदांतून केला आहे. जिथे पुरुषांची रांग कोरी पडते तिथे पुष्कळदा आईचीच नोंद बोलते.

न सापडणं म्हणजे काय?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. दप्तर चाळलं, नोंद नाही. मग काय समजायचं?

कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळतं. पण त्यांनी एक अट घातली : योग्यता. घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे चांगले हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. आणि पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही असंही नुसत्या न दिसण्यावरून ठरत नाही, कारण ते दिसण्याजोगं आहे असं कुणी म्हटलेलंच नाही.

वंशावळीच्या कामात ही अट मला फार महत्त्वाची वाटते. न सापडण्याला अर्थ कधी येतो? माणूस त्या कागदात असता तर *यायलाच हवा होता*, तेव्हाच.

दोन उदाहरणं देतो. एका जहाजाची यादी पूर्ण उपलब्ध आहे, पानं शाबूत आहेत, तुम्ही सगळी रूपं धरून ती शेवटपर्यंत वाचली, आणि तुमचा माणूस त्यात नाही. इथे न सापडणं हा पुरावा आहे. तो त्या जहाजाने आला नाही. घरातली कथा काही म्हणो.

आता दुसरं. तुम्ही रत्नागिरीत आलात, १८५० च्या सुमाराच्या महसुली कागदांत सखाराम शोधलात, मिळाला नाही. तर तो या गावचा नव्हता? अजिबात नाही. कोकणात खोती होती. सरकारचा हिशेब मुख्यतः खोताशी. कुळांचा हिशेब खोताच्या घरच्या दप्तरात. खोताच्या कुळाचा धाकटा मुलगा सरकारी कागदात यावा अशी अपेक्षाच नाही. जन्म-मृत्यूची सार्वत्रिक नोंद तेव्हा गावांत नव्हती. तुम्ही अंधाऱ्या खोलीत घट शोधत होतात.

म्हणून दोन्हीकडचं दप्तर एकाच मापाने मोजू नका. मॉरिशसच्या बाजूला माणूस करारात बांधलेला होता, त्यामुळे त्याच्यावर कागद भरपूर. गावाच्या बाजूला तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता, त्यामुळे कागद नाही. शोध जास्तीत जास्त तिकडे करून मग इकडे यावं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतराची जुनी रजिस्टरं जपलेली आहेत. तिथे जाताना तुमच्यापासून मागे जाणारे दाखले बरोबर न्या, कारण वंशज असल्याचा आधार मागितला जातो.

इकडे आल्यावर आणखी एक सावधगिरी. नोंदीत नुसतं ‘बॉम्बे’ असेल तर ते बंदराचं नाव असू शकतं, जन्मगावाचं नसू शकतं. कोकणातला माणूस आधी मुंबईत पोट भरायला यायचा आणि तिथून जहाजावर चढायचा. शिवाय मुंबईहून गेलेला प्रत्येक जण मराठीच होता असंही नाही. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. जुन्या कागदातल्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येई. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. ‘रत्नागिरी’ वाचून मालवण सोडून देऊ नका.

किती पुरावा पुरे?

कुणी म्हणेल, इतकं काटेकोर कशाला? घराण्याला एक मूळपुरुष मिळाला, लोक खूश झाले, झालं.

मला हे पटत नाही. चुकीचा माणूस निवडला तर काय होतं बघा. तुमचा खरा पूर्वज पुन्हा एकदा हरवतो, आणि यावेळी कायमचा, कारण आता त्याला कुणी शोधणार नाही; जागा भरलेली आहे. दुसऱ्या कुणाचा पूर्वज तुमच्या भिंतीवर लागतो. ती चूक छापली जाते, नातेवाईक उतरवून घेतात, आणि वीस वर्षांनी पाच ठिकाणी एकच गोष्ट दिसते म्हणून ती खरी वाटू लागते. पाच साक्षीदार एकाच तोंडाने बोलत असतील तर तो एकच साक्षीदार असतो.

म्हणून निष्कर्षाला तीन पायऱ्या ठेवाव्यात. ‘निश्चित’ : एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार जुळतात, आणि विरोधी गोष्टीचा खुलासा होतो. ‘संभाव्य’ : बाकीचे उमेदवार कारण देऊन बाद झालेत, पण थेट दुवा नाही. ‘शक्य’ : नाव जुळतं, काळ जुळतो, एवढंच. वंशावळीत प्रत्येक नावापुढे यातला एक शब्द लिहावा. ‘शक्य’ लिहिण्यात कमीपणा नाही. पुढच्या पिढीला काम कुठे थांबलं ते त्यावरून कळतं.

घरातल्या कथाही अशाच तपासाव्यात. ‘आमचे पणजोबा सत्तावन्नच्या बंडात होते, म्हणून पळून आले’ असं पुष्कळ घरांत म्हणतात. १८५८ आणि १८५९ या दोन वर्षांत मॉरिशसला सर्वांत जास्त माणसं आली, हे खरं. पण तुमच्या माणसाचं जहाज १८५४ चं असेल तर कथा तिथेच संपते. आणि १८५८ चं असेल तर ती सिद्ध होत नाही, फक्त शक्य राहते.

आता काही प्रश्न आलेत ते घेऊ.

प्रश्न : हल्ली डीएनए चाचणी करतात. मग कागदांची गरज काय?

चाचणीने दोन जिवंत माणसं एकमेकांची नातलग आहेत का, साधारण किती जवळची, हे कळतं. पूर्वजाचं नाव किंवा गाव ती सांगत नाही. नातं सांगायला दुसऱ्या टोकालाही कुणीतरी चाचणी केलेली असावी लागते. मॉरिशसच्या माणसाने केली आणि संगमेश्वरच्या वाडीत कुणीच केली नाही, तर जुळणार कुणाशी? शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली, त्यामुळे लांबचं नातंही जवळचं असल्यासारखं भासू शकतं. चाचणी जरूर करा, पण तो एक साक्षीदार म्हणून. निकाल तिच्या हाती देऊ नका.

प्रश्न : नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत सापडेल का?

त्या वह्या मोलाच्या आहेत. त्यांत गावानुसार, कुळानुसार, यात्रेला आलेल्यांची आणि त्यांच्या वाडवडलांची नावं असतात. पण पुन्हा योग्यतेचा प्रश्न विचारा. यात्रा करण्याची ऐपत आणि मुभा त्या घराला होती का? नसेल तर न सापडण्याला अर्थ नाही. मात्र गाव आणि आडनाव आधी कळलेलं असेल, तर बघाच. मागे राहिलेल्या भावाच्या नातवाने केव्हातरी येऊन नावं सांगितलेली असू शकतात.

प्रश्न : गाव सापडलं आहे असं वाटतं. तिथे जाऊन लोकांना भेटावं का?

भेटावं. पण जाताना निष्कर्ष घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. ‘आम्ही तुमच्याच भाऊकीतले’ अशी सुरुवात केलीत तर आपली माणसं अगत्याने हो म्हणतील. परदेशातून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं कोकणी माणसाला जमत नाही. शिवाय जमिनीची वाटणी मनात येऊन कुणी दचकेलही; ते आधीच स्पष्ट करावं की आम्ही हिस्सा मागायला आलेलो नाही. मग विचारा : तुमच्यात कुणी ‘दर्यापार गेला आणि आला नाही’ असं सांगतात का? कुळदैवत कुठलं? घराण्यात कुठली नावं पुन्हा पुन्हा ठेवतात? वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी भेटा, आणि तुमची गोष्ट तिला सांगण्याअगोदर तिची ऐकून, तारीख घालून, लिहून घ्या. तुमचं ऐकल्यावर तिने सांगितलेलं आणि त्याआधी सांगितलेलं, यांची किंमत सारखी नसते.

आज इथेच थांबू.